विद्यापीठाची दुसरी वाट आणि आपला समाज

या देशात आल्यापासून आपल्या बांधवांनी आम्हांस जे प्रश्न विचारले, त्यांतील निम्मे रक्तदाब व मधुमेह यांविषयीचे होते आणि उरलेले निम्मे मुलांच्या शिक्षणाविषयीचे. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांस उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस पदवीने दिला आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसही आम्ही तितक्याच अधिकारवाणीने उत्तरे देत आलो, हा मात्र आमचा प्रमाद होय. समाजात एखादा मनुष्य डॉक्टर झाला की त्यास सर्वच विषयांतले कळते अशी समजूत रूढ होते आणि कालांतराने त्या मनुष्यासही ती खरी वाटू लागते. आमचेही तसेच झाले. त्यातून एका मुलाची तीन वर्षे गेली. प्रस्तुत लेख त्या तीन वर्षांच्या ऋणातून लिहिला आहे.

प्रश्न आहे तो सोळाव्या वर्षानंतरच्या शिक्षणाचा. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जी.सी.एस.ई. परीक्षा होते. ऑगस्टच्या उत्तरार्धात एका गुरुवारी निकाल लागतो. अर्ज आधीच्या हिवाळ्यातच केलेले असतात, परंतु पुष्कळ घरांत खरा निर्णय त्या गुरुवारी, हातात निकालाचा कागद घेऊन, घाईघाईने होतो. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत शिक्षणात अथवा प्रशिक्षणात राहणे येथे २०१५ पासून कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा काहीतरी निवडणे भागच असते. शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये राहून ए लेव्हल करावी, की ज्यास येथे फर्दर एज्युकेशन कॉलेज म्हणतात तेथे जाऊन बीटेक, टी लेव्हल असा एखादा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम घ्यावा? या कॉलेजांत ए लेव्हलही शिकविली जाते, ही गोष्ट आपल्यांपैकी अनेकांस ठाऊक नसते. इंग्रजी किंवा गणित यांत ४ ही श्रेणी मिळाली नसेल तर तो विषय पुढेही चालू ठेवावाच लागतो, मग मुलगा कोठेही जावो.

यांतील बहुतेक वाटा विद्यापीठापर्यंत पोहोचतात. आपल्या घरांत मात्र त्यांची उतरंड लागलेली असते. सर्वांत वर शाळेतील ए लेव्हल, आणि त्यातही रसायनशास्त्र, जीवशास्त्र व गणित हे त्रिकूट. त्याखाली कॉलेजातील ए लेव्हल. त्याखाली बीटेक. सर्वांत तळाशी ज्या अभ्यासक्रमाच्या नावात ‘केअर’, ‘कन्स्ट्रक्शन’ किंवा ‘केटरिंग’ असे शब्द येतात तो. वरच्या पायरीवरील मुलाचे आईवडील कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसतात आणि खालच्या पायरीवरील मुलाचे आईवडील ‘तो सध्या कॉलेजला आहे’ एवढेच सांगून विषय बदलतात. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे परमपूज्य बाबासाहेबांनी आपणांस शिकविले. तिचा बळी ठरलेल्या समाजाने आपल्या मुलांच्या अभ्यासक्रमांचीही तशीच चळत रचावी, याचे आम्हांस वैषम्य वाटते. ती चळत रचण्यात आमचाही हात आहे, म्हणून अधिकच.

या वृत्तीचे मूळ शोधण्यास फार दूर जावयास नको. आमची पिढी महाराष्ट्रात वाढली तेव्हा दहावीनंतर हुशार मुलाने विज्ञान शाखेत जावयाचे, बारावीला भौतिक, रसायन व जीव या तीन विषयांत गुण मिळवावयाचे आणि मेडिकल किंवा इंजिनिअरिंग गाठावयाचे, एवढा एकच राजमार्ग आम्हांस ठाऊक होता. तंत्रनिकेतनात जाणाऱ्यास ‘डिप्लोमाला गेला’ असे म्हणताना आवाज थोडा खाली येई आणि आय.टी.आय.चे नाव निघाले की आणखी खाली. हे सर्वस्वी अडाणीपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या पूर्वजांवर पिढ्यान्‌पिढ्या हाताची कामे लादली गेली, मेलेली गुरे ओढण्यापासून गावकीच्या वेठीपर्यंत, त्यांना हाताच्या शिक्षणाची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या वडिलांस मुलाच्या हातात केवळ पुस्तक हवे होते. पाना, पक्कड, झाडू यांपैकी काहीही नको होते. ती धास्ती बरोबर घेऊनच आम्ही विमानात बसलो आणि येथे आल्यावर ती आमच्या मुलांच्या पदरात घातली.

आता त्या मुलाविषयी. सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील गोदामात रात्रपाळी करीत, आई वृद्धाश्रमात काळजीवाहू होती. मुलगा कष्टाळू, शांत, हाताने काहीही जुळवून दाखविणारा. त्याच्या जी.सी.एस.ई.त बहुतेक बी आणि सी श्रेण्या होत्या. जवळच्या कॉलेजने अप्लाइड सायन्समधील बीटेकची जागा देऊ केली होती आणि मुलाची इच्छाही तीच होती. आईवडील निकालाचा कागद घेऊन आमच्या घरी आले. आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगाल तसं.” आम्ही सांगितले. ‘बीटेकने काही होत नाही, ए लेव्हलच घ्या, रसायन सोडू नका, अभ्यास केला की जमते.’ मुलगा एवढेच म्हणाला, “काका, मला परीक्षेत लिहायला जमत नाही, करून दाखवायला जमतं.” आम्ही हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. ते वाक्य म्हणजे रुग्णाने स्वतःच सांगितलेले निदान होते. एखाद्या वैद्यकीय विद्यार्थ्याने ते असे कानाआड केले असते तर आम्ही त्यास वॉर्डातच फटकारले असते.

दोन वर्षांनी रसायनात ई, जीवशास्त्रात डी आणि गणितात तो अनुत्तीर्ण. नंतरचे एक वर्ष वडिलांबरोबर त्याच गोदामात. त्या काळात ते कुटुंब जयंतीला आले नाही, धम्मचक्र प्रवर्तन दिनालाही नाही. एकोणिसाव्या वर्षी तो आपणहून कॉलेजात गेला, कोणासही न विचारता, आम्हांस तर नाहीच, आणि ॲक्सेस अभ्यासक्रमास बसला. आज तो एका इस्पितळात रेडिओग्राफर आहे. तो विद्यापीठात पोहोचला यात आमचा काडीचाही वाटा नाही. तीन वर्षे उशिरा पोहोचला, यात मात्र आहे.

एवढ्यावरून ‘ए लेव्हल सोडा आणि बीटेक घ्या’ असा उलट निष्कर्ष कोणी काढू नये. त्यानेही घात होतो, आणि तोही आम्ही पाहिला आहे.

प्रथम नावाचाच घोटाळा पाहा. येथील बीटेक हे १९८४ साली स्थापन झालेल्या व्यवसाय व तंत्रशिक्षण परिषदेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव आहे. ती सोळा-अठरा वर्षांच्या मुलांची पात्रता होय. आपल्याकडे बी.टेक. म्हणजे अभियांत्रिकीची पदवी. मुलगा बीटेक करतो आहे असे नागपूरच्या किंवा अकोल्याच्या नातेवाइकांस फोनवरून कळविले की तिकडे पेढे वाटले जातात आणि इकडे आईवडील तो गैरसमज दूर करण्याचे टाळतात. एका गृहस्थांनी तो सलग दोन वर्षे टाळला. हे विनोदी वाटेल, परंतु जी पात्रता आपल्या खऱ्या नावाने सांगण्यास पालक लाजतात, तिच्याविषयी ते नीट चौकशी तरी कोठून करणार?

दुसरा घोटाळा ‘समतुल्य’ या शब्दाचा आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलीने कॉलेजात हेल्थ अँड सोशल केअर या विषयात बीटेक एक्स्टेंडेड डिप्लोमा घेतला. प्रवेशाच्या वेळी तिला सांगण्यात आले की हा तीन ए लेव्हलशी समतुल्य आहे. यात खोटे काही नव्हते. विद्यापीठ प्रवेशाच्या मध्यवर्ती संस्थेच्या, म्हणजे यूकॅसच्या, गुणपद्धतीत ए लेव्हलच्या ए श्रेणीस ४८ गुण मिळतात, तीन ए म्हणजे १४४. आणि बीटेक एक्स्टेंडेड डिप्लोमात तीन डिस्टिंक्शन मिळाल्या तर त्याचेही १४४ च. मुलीने त्याहून वरची, १६८ गुणांची, श्रेणी मिळवून दाखविली. तिला मात्र डॉक्टर व्हावयाचे होते. वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या मध्यास संपते. त्याच्या दोन आठवडे आधी ती आमच्याकडे आली आणि आम्ही तिच्यासमोर बसून एकेका विद्यापीठाच्या अटी वाचल्या. बहुतेक ठिकाणी रसायन व जीवशास्त्र यांची ए लेव्हल मागितलेली होती आणि तिच्या पात्रतेचा उल्लेखही नव्हता. गुण सारखे होते, दार मात्र वेगळे होते. तिला प्रवेश देणाऱ्याने ‘पुढे काय व्हायचे आहे’ हा एकच प्रश्न सोळाव्या वर्षी विचारला असता, तर पुढचे अश्रू टळले असते. त्या कॉलेजवर आमचा राग आहेच; पण आपल्यांपैकी तरी कोणी तिला विचारले होते?

ज्या वर्षी ती आमच्याकडे आली त्याच वर्षी तिने परिचारिका अभ्यासक्रमासाठी अर्ज केला आणि तेथे तिच्या बीटेकचे स्वागत झाले. म्हणजे तोच कागद एका दारावर निरुपयोगी व शेजारच्या दारावर उत्तम. यास्तव आमचे आता असे मत झाले आहे की अभ्यासक्रम चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. तो कोणत्या पदवीसाठी, हे जोडल्यावाचून त्या प्रश्नास अर्थ येत नाही.

निवड करताना वाट शेवटापासून मागे वाचावी. मुलास ज्या पदव्यांविषयी ओढ आहे अशा दोन-तीन पदव्या घ्याव्यात, प्रत्येकीसाठी चार-पाच विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी वाचाव्यात, आणि आपण घेऊ पाहतो त्या अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव त्या अटींत आहे की नाही हे शोधावे. नाव नसेल तर विद्यापीठाच्या प्रवेश विभागास लेखी विचारावे व उत्तर जपून ठेवावे. परिचर्या, सामाजिक कार्य, व्यवसाय व्यवस्थापन यांसाठी बीटेक पुष्कळ ठिकाणी चालते; संगणक व अभियांत्रिकीसाठीही चालते, पण अभियांत्रिकीत अनेक विद्यापीठे गणिताची ए लेव्हल वेगळी मागतात. २०२० पासून सुरू झालेली टी लेव्हल ही आकाराने तीन ए लेव्हलएवढी असून तीत किमान ३१५ तासांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असते. ज्यास ‘करून दाखवायला जमते’ त्याच्यासाठी ती चांगली, परंतु तिचा विषय आरंभीच निश्चित करावा लागतो आणि मधेच मन बदलल्यास मागे फिरणे कठीण. ज्यास अजून काहीच ठरविता येत नाही, त्याने तीन ए लेव्हल घ्याव्यात हे आजही शहाणपणाचे आहे, अर्थात त्यास लेखी परीक्षा झेपत असेल तर. आणि वैद्यकीय शिक्षणाची खरी ओढ असेल तर रसायनशास्त्र सोडू नये, हा आमचा जुना सल्ला तेवढ्यापुरता अजूनही बरोबर आहे.

सरकार या पात्रतांची नावे वरचेवर बदलते. ऑक्टोबर २०२५ च्या श्वेतपत्रिकेत व्ही लेव्हल नावाचा नवा प्रकार जाहीर झाला असून २०२७ पासून तो टप्प्याटप्प्याने बीटेकसारख्या अभ्यासक्रमांची जागा घेईल अशी योजना आहे. तेव्हा थोरल्या मुलीच्या वेळचे ज्ञान धाकट्याच्या वेळी चालेल असे समजू नये. ग्लासगो, एडिंबरा येथील आपल्या कुटुंबांस तर वरीलपैकी बरेचसे लागूच नाही. तेथे हायर परीक्षा आहेत, आणि कॉलेजातील एच.एन.सी. वा एच.एन.डी. करून अनेक विद्यापीठांत थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. आपल्याकडे डिप्लोमाधारकास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात घेतात, तशातलाच हा प्रकार.

दुसऱ्या वाटेची एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वर्षभर प्रकल्प व लेखनकार्य करून गुण मिळविलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षी दोन-तीन तासांच्या लेखी परीक्षेस बसतो, तेव्हा तो पुष्कळदा अडखळतो. कॉलेजात आठवड्याचे तीन-चार दिवसच वर्ग असतात, शाळेसारखी देखरेख नसते. रिकाम्या दिवशी मुलगा दुकानात काम धरतो आणि ते दुकानच हळूहळू अभ्यासक्रम होऊन बसते. पालकांनी हे दिवस मोजावेत.

येथे सवलतीविषयी चार शब्द. अनेक विद्यापीठे मागास वस्तीतील, मोफत शालेय भोजन घेतलेल्या किंवा ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर नाही अशा मुलांस एक-दोन श्रेणी कमी असल्या तरी प्रवेश देऊ करतात. किंग्ज कॉलेज लंडन व साउथॅम्प्टन येथे तर अशा पार्श्वभूमीच्या मुलांसाठी सहा वर्षांचे वैद्यकीय अभ्यासक्रम आहेत. नेहमीपेक्षा एक वर्ष अधिक आणि गुणांची अट नेहमीपेक्षा कमी. नियम विद्यापीठागणिक निराळे आहेत आणि आपली सर्वच मुले त्यांत बसणार नाहीत. पण जी बसतात त्यांचे पालकही अर्जातील तो रकाना भरावयास तयार नसतात. ‘आमच्या मुलाला मेरिटवर मिळू दे’ असे आम्हांस ऐकविले जाते. हे ऐकून आम्ही थक्क होतो. आम्ही स्वतः राखीव जागेवर एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक परीक्षेत, तेथे आणि येथे, सर्वांबरोबर बसून उत्तीर्ण झालो. दार उघडून देणे आणि परीक्षेत गुण वाढवून देणे यांतील फरक ज्या समाजाने जगाला समजावून सांगितला, त्यानेच तो येथे येऊन विसरावा काय?

आता त्या वाटेकडे वळू, जी आपल्या समाजात सर्वांत कमी माहीत आहे व जिची गरज सर्वांत जास्त आहे. ॲक्सेस टू हायर एज्युकेशन या नावाचा डिप्लोमा मुख्यत्वे एकोणीस वर्षांवरील प्रौढांसाठी आहे. शिक्षण सुटलेल्यांस विद्यापीठात आणण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या अभ्यासक्रमांची सुरुवात झाली. पूर्ण वेळ केल्यास एक वर्ष, सायंकाळी वा अर्धवेळ केल्यास बहुधा दोन. एकूण ६० क्रेडिट, त्यांपैकी ४५ वरच्या पातळीवरील व श्रेणीबद्ध. या ४५ मध्ये सर्वत्र डिस्टिंक्शन मिळाली तर यूकॅसचे तेच १४४ गुण. परिचर्या, सूतिकाशास्त्र, रेडिओग्राफी, भौतिकोपचार, सामाजिक कार्य, विधी अशा पदव्यांकडे ही वाट जाते. काही मोजकी वैद्यकीय महाविद्यालयेही विशिष्ट ॲक्सेस अभ्यासक्रम मान्य करतात. शुल्कासाठी कर्ज मिळू शकते आणि पुढे पदवी पूर्ण केल्यास त्या कर्जाची उरलेली रक्कम माफ होते. परिचर्या व तत्सम पदव्यांच्या विद्यार्थ्यांस इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून वर्षाला ५,००० पौंडांचे परत न करावयाचे अनुदान मिळते. पात्रतेच्या अटी अर्थातच तपासून घ्याव्यात.

या वाटेने गेलेल्या आमच्या एका भगिनीची हकीकत येथे देतो. अमरावतीकडील बी.कॉम., लग्नानंतर पतीबरोबर येथे आली, पंधरा वर्षे वृद्धाश्रमात काम केले. रात्री वृद्धांस कुशीवर वळविताना त्यांच्या त्वचेवरील कोणता लाल डाग उद्याची जखम आहे हे तिला आमच्या तरुण सहकाऱ्यांहून लवकर कळे. अडतिसाव्या वर्षी तिने ॲक्सेस करण्याचे ठरविले, तर पहिला अडथळा आला तो दहावीच्या गणिताचा. भारतीय प्रमाणपत्र एका विद्यापीठाने मान्य केले, दुसऱ्याने यू.के. एनिक या संस्थेचे तुलनापत्र मागितले, तिसऱ्याने येथलेच गणित पुन्हा द्यावयास सांगितले. दुसरा अडथळा तिच्या बी.कॉम.चा. ज्याच्याजवळ आधीच पदवी आहे, मग ती भारतातील का असेना, त्यास त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीसाठी सर्वसाधारणपणे सरकारी कर्ज मिळत नाही. परिचर्येसारख्या काही अभ्यासक्रमांस मात्र यातून सूट आहे. ही सूट तिला कोणी सांगितली नव्हती, तिने ती स्वतः शोधून काढली. दिवसा वर्ग, शनिवार-रविवार वृद्धाश्रमातील पाळ्या, आणि रात्री स्वयंपाकघरातील ओट्यावर पुस्तके.

वयाने मोठे होऊन, नोकरी करीत, खंड पडलेले शिक्षण पुन्हा धरण्यात आपणांस कमीपणा का वाटावा? १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनमधील शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले. त्यांनी विद्यापीठाकडून पुन्हा येण्याची मुभा मागून घेतली, मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, आणखी काही मदत व कर्ज उभे केले आणि १९२० मध्ये ते याच शहरात परत आले. एम.एस्सी. १९२१ आणि डी.एस्सी. १९२३, ही दोन्ही त्या खंडानंतरची. पुढे १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले, ते दिवसा नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून. येथील कॉलेजांचे सायंकाळचे वर्ग पाहिले की आम्हांस ते सकाळचे वर्ग आठवतात. आपली कितीतरी वडीलधारी माणसे त्यांतूनच पदवीधर झाली.

पैशाचा एक मुद्दा राहिला. अलीकडे आलेल्या कुटुंबांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. सोळा ते अठरा या वयात पालकांबरोबर आलेल्या बहुतेक मुलांचे शिक्षण मोफत होते, म्हणून पालक निर्धास्त राहतात. विद्यापीठात नियम निराळा आहे. तेथे देशांतर्गत शुल्क व सरकारी कर्ज यांसाठी सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी कायमच्या वास्तव्याचा परवाना असावा लागतो आणि त्यापूर्वी ३ वर्षे येथे सामान्य रहिवास झालेला असावा लागतो. लहानपणापासून येथे वाढलेल्यांस व इतर काही गटांस वेगळे नियम आहेत. जो यांत बसत नाही त्यास परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क पडते. ते कैकपट असू शकते. आम्हांस एक कुटुंब ठाऊक आहे, ज्यांच्या मुलीस प्रवेश मिळाला, पण परवान्याचा कागद पाच महिने उशिरा आला. अशा घरात एक वर्षाचा आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम यांतील निवड ही केवळ आवडीची बाब राहत नाही. कॅलेंडर समोर ठेवूनच ती करावी लागते. स्थलांतराचे नियमही बदलत असतात, तेव्हा ज्यास त्याचे अधिकृत ज्ञान आहे त्यासच विचारावे. डॉक्टरास विचारू नये.

त्या अमरावतीच्या भगिनीस विद्यापीठाचे पत्र आले त्या वर्षीची जयंती आम्हांस स्पष्ट आठवते. व्यासपीठावर सहा गुणवंतांचा सत्कार झाला, सर्वच्या सर्व ए लेव्हलचे. पुष्पगुच्छ आमच्या हस्ते दिले गेले आणि आम्ही शिक्षणाच्या महत्त्वावर पंधरा मिनिटे भाषण केले. ती त्या वेळी मागच्या स्वयंपाकघरात दोन मोठ्या पातेल्यांतील वरणभात व खीर वाढण्याच्या तयारीत होती, नेहमीप्रमाणेच. जेवताना तिच्या पतीने सहज बोलता बोलता पत्राचा उल्लेख केला. आम्ही “वा, छान” म्हणालो आणि खिरीची वाटी पुढे केली. तिला कोणी हॉलमध्ये बोलाविले नाही. आम्हीही नाही. आज ती नोंदणीकृत परिचारिका आहे आणि अजूनही जयंतीच्या दिवशी सर्वांत आधी येऊन पातेली घासते.

सत्कारासाठी नावे मागविणारा आपल्या संस्थेचा अर्ज आमच्यासमोर आहे. त्यात पाल्याचे नाव, शाळेचे नाव आणि ‘ए लेव्हलमधील श्रेणी’ असे तीन रकाने आहेत. कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे की ‘पाल्याचे नाव’ याऐवजी ‘विद्यार्थ्याचे नाव’ असे छापावे, कारण विद्यार्थी आईही असू शकते. आणि तिसऱ्या रकान्यात केवळ ‘पूर्ण केलेला अभ्यासक्रम’ एवढेच लिहावे. तसेच निकालाच्या त्या गुरुवारी सकाळी दहापासून आपल्यांपैकी चार-पाच जणांनी फोनपाशी बसावे. त्यांत एक तरी ॲक्सेस केलेला असावा, एक बीटेक केलेला असावा. त्या रेडिओग्राफर तरुणास आम्ही या कामासाठी विचारले आहे. त्याने अद्याप होकार दिलेला नाही. डॉक्टरांपैकी कोणी बसणार असेल तर आम्हीही बसू, परंतु फोन आम्ही उचलणार नाही. लिहून घेण्याचे काम करू.

जय भीम.